मुद्दाम लावलेला वाकडा तुकडा

गोधडीवर लिहा म्हटलं की माणसं लगेच आईच्या लुगड्यावर घसरतात. मग मायेची ऊब येते, डोळ्यांत पाणी येतं, आणि लेख संपतो. असे लेख मी पुष्कळ वाचलेत. लिहिणाऱ्यांपैकी एकाच्याही अंगठ्यात कधी सुई मोडलेली नसते, हे मी पैजेवर सांगते. या दिवाळी अंकाच्या संपादकांनीही फोनवर मला "बाई, काहीतरी उबदार लिहा" असंच सांगितलं. मी म्हटलं, आमच्या शेडमध्ये ऊब भरपूर होती, पण ती डोक्यावरच्या पत्र्याची. नांदेडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली बसून दुसऱ्यांच्या हिवाळ्याची सोय करायची, हा आमचा धंदा.

मी मूळची शिवणवर्गाची बाई. मुदखेडची लेक, नांदेडची सून. पोरी तयार कपडे घ्यायला लागल्या आणि माझा वर्ग ओस पडला, तेव्हा त्याच शेडमध्ये आणखी तीन बायका जमवून मी गोधड्यांचं काम सुरू केलं. शिकवणं सुटलं तरी 'बाई' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

गोधडी कशी शिवतात हे आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खाली अस्तर अंथरायचं. त्यावर जुनी लुगडी, धोतरं, चादरी यांचे थर द्यायचे. याला आम्ही पोट म्हणतो. पोटावर रंगीत तुकडे मांडायचे. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे आणि चौघींनी चार बाजूंना बसायचं. काठापासून सुरुवात करून धावदोरा घालत आत सरकायचं. टाका पुढं जाईल तशी बाईही पुढं सरकते, आणि शेवटी चौघी मधोमध गुडघ्याला गुडघा लावून गोधडीवरच बसलेल्या असतात. तोवर चारही घरांच्या भानगडी उसवून परत शिवून झालेल्या असतात.

एकदा एका बाजूला बसली की ती बाजू त्या बाईची. ती आजारी पडली तरी तिथं दुसरीनं बसायचं नाही. असा नियम कोणी केला नव्हता, पण मोडायची कोणाची छाती नव्हती.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. देगलूरहून एकदा एक बाई मोठं बोचकं घेऊन आली. "बोंता शिवायचा हाय," म्हणाली. तिकडं तेलुगूचा शेजार, म्हणून गोधडीला बोंता म्हणतात. बोचकं सोडलं तर आत सगळी उपरणीच. तिचा नवरा गावपुढारी. ज्या ज्या पक्षात गेला, त्या त्या पक्षाचं उपरणं घरी आलं आणि पक्ष सुटला तरी उपरणं राहिलं.

"फेकावं तर कापड चांगलं हाय," ती म्हणाली, "अन् ठेवावं तर ह्यो कवा कुटं जाईल त्याचा नेम न्हाई."

आम्ही ती शिवली. ज्यांची तोंडं एकमेकांकडं होत नव्हती ते सगळे रंग एका दोऱ्यात आले. पुढं तिचा निरोप आला की नवऱ्याला झोप झकास लागते, पण पायाशी कोणता पक्ष घ्यावा हे ठरत नसल्यामुळं तो रोज रात्री गोधडी फिरवून घेतो.

अशा चिंध्यांच्या दिवसांत आमच्या चौथ्या बाजूला गयाबाई बसायची. आमच्यात वयानं सगळ्यात मोठी. नवरा रेल्वेत गँगमन होता. तो गेल्यावर ती मुदखेडहून नांदेडला मुलाकडं राहायला आली. सकाळी दारात उभी राहून "जय भीम, बाई" म्हणायची आणि चप्पल काढता काढता कोणाच्या तरी टाक्याला नावं ठेवायची. तिला तो अधिकार होता. तिचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि एकासारखा एक. समोरच्या बाजूला शोभा, वयानं सगळ्यात लहान आणि तोंडानं सगळ्यात मोठी. ती म्हणायची, "आजी लुगड्यात मशीन लपवून बसतेत." उरलेल्या दोन बाजू माझी आणि नसरीनची. नसरीन कमी बोलायची, त्यामुळं तिचं म्हणणं आम्हाला खरं वाटायचं.

मग आमच्या आयुष्यात गड्ड्या आल्या.

लातूरला रेवती मॅडमचं कपड्यांचं दुकान आहे. त्या इंटरनेटवरून गोधड्या विकतात, पुण्या-मुंबईला आणि परदेशातही. तिकडच्या लोकांना चिंध्यांची गोधडी फार आवडते, फक्त चिंध्या नव्या लागतात. म्हणून मॅडमनी लातूरच्या एसटीतून कापडाच्या गड्ड्या पाठवायला सुरुवात केली. वीतभर चौकोन, मशीनवर कापलेले, सगळे एका मापाचे, कडा करवतीसारख्या दातेरी. सगळे रंग एकमेकांना शोभतील असे निवडलेले. वरून रिबीन. परदेशात या गड्ड्यांना केकची आणि मिठाईची नावं असतात, असं मॅडमनी सांगितलं. शोभानं एक गड्डी नाकाजवळ नेऊन हुंगली आणि खाली ठेवली.

पहिली गड्डी सोडली तेव्हा मॅडम स्वतः आल्या होत्या. गयाबाईनं चौकोन उलटेपालटे करून बघितले.

"एका घरातली मानसं बी इतकी जुळून ऱ्हात न्हाईत," ती म्हणाली. "आता आमी काय करावं? कापायचं न्हाई, निवडायचं न्हाई, जुळवायचं न्हाई. निसतं बसून टाके घालून राहावं का?"

"हो ना आजी," मॅडम म्हणाल्या, "तुमचा सगळा त्रास वाचला."

"तरास न्हवता त्यो. काम व्हतं ते."

मॅडम गोड हसल्या. त्या गयाबाईच्या सगळ्याच बोलण्यावर गोड हसायच्या.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते. चिंध्यांच्या गोधडीत वाकडं असं काही नसतंच. तुकडा कमी पडला तर शेजारी दुसरा सरकवायचा, फट राहिली तर ठिगळ मारायचं, आणि लोक त्यालाच नक्षी म्हणतात. गड्डीत ती सोय नाही. मोजून चौकोन येतात, जास्तीचा एकही नाही. एका चौकोनाची कड बोटभर जास्त दुमडली की पुढचा पुरत नाही, आणि सगळी ओळ दारू प्यायल्यासारखी कलते. म्हणजे वर्षानुवर्षं चिंध्यांनी जे झाकलं होतं, ते नव्या कापडानं पहिल्याच आठवड्यात उघडं पाडलं.

गयाबाईच्या बाजूचा एक चौकोन वाकडा होता. थोडाथोडका नव्हे, चांगला अंगठाभर. पुढच्या गोधडीतही होता, आणि त्यापुढच्याही. आम्ही तिघींनी बघितलं आणि तिघींनीही बघितलं नाही असं केलं. एकदा ती पाणी प्यायला उठली तेव्हा शोभा हळूच जाऊन तो चौकोन उसवायला लागली. "नाचता येईना..." असं ती पुटपुटली तेवढ्यात नसरीननं तिला चिमटा काढला, पण गयाबाई दारात येऊन उभी होती.

"हात काढ," ती कडाडली. "मुद्दाम लावलंय ते. नजर लागू न्हाई म्हून येक तुकडा वाकडा लावायचा असतोय. माझ्या मायनं शिकिवलंय. मुदखेडाकडं समदेच लावतेत."

मी मुदखेडचीच. असली पद्धत मी जन्मात ऐकली नव्हती. पण तिच्या तोंडाकडं बघून मी म्हटलं, "लावत असतील."

त्याच महिन्यात रेवती मॅडम माल बघायला आल्या. पसरलेल्या गोधडीवरून त्यांची नजर फिरत फिरत त्या चौकोनावर येऊन थांबली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर गयाबाई माझ्याआधी. नजर, माय, मुदखेड, सगळं तिनं सांगून टाकलं, आणि या वेळी तिची आजी आणि पणजीही त्यात आल्या. मॅडम हात छातीवर ठेवून ऐकत राहिल्या. मग त्यांनी गयाबाईला त्या चौकोनाशेजारी बसवून फोटो काढले, व्हिडिओ काढला, आणि "आजी, हे आतापर्यंत का नाही सांगितलंत?" असं लाडानं रागावल्याही.

पुढच्या गड्डीबरोबर छापील चिठ्ठ्या आल्या, प्रत्येक गोधडीला बांधायला. 'या गोधडीतला एक तुकडा मुद्दाम वाकडा लावलेला आहे. दृष्ट लागू नये म्हणून मराठवाड्यातल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आल्या आहेत.' शोभानं ते मोठ्यानं वाचलं. गयाबाई मान डोलवत होती. मला वाटतं, तोवर तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

आणि गोधड्या खपायला लागल्या! वाकडा चौकोन हीच खूण झाली. परदेशातल्या कोणा बाईनं तक्रार केली की आमच्या गोधडीत वाकडा तुकडा सापडत नाही, सदोष माल आहे, बदलून द्या. मग मॅडमचा मला फोन आला, "मावशी, वाकडेपणा थोडा एकसारखा ठेवता येईल का? डाव्या हाताला, खालच्या बाजूला, अंगठाभर. कमी नको, जास्त नको." शोभा म्हणाली, "आता वाकडं बी मापानं लावायचं, बाई."

पण गयाबाईच्या मोतीबिंदूला माप कळत नाही. अंगठाभराचे दोन अंगठे झाले, एकाचे दोन चौकोन झाले, मग तीन. मॅडमचा निरोप आला, "मावशी, एकच. सगळीच ओळ वाकडी असली की ती परंपरा वाटत नाही."

हे सगळं लिहिताना मला हसू येतं, पण त्या दिवशी आलं नव्हतं. मोतिया रंगाची गड्डी होती. गयाबाईच्या बोटात सुई गेली. आमच्यात हे रोजचंच. कापडावर रक्त लागलं की जिचं रक्त तिनं आपली थुंकी लावायची, लगेच निघतं. पण तिनं थुंकी लावलीच नाही. ती शिवतच राहिली. एका चौकोनावरचा लाल डाग दुसऱ्यावर गेला, तिसऱ्यावर गेला, आणि ती नसरीनला सांगत होती की तू दोरा फार ओढतेस, कापड चुरगळून राहिलं. तिला तिचं रक्त दिसत नव्हतं.

मी तिला हात धरून बाहेर नळावर नेलं. बोट धुतलं. म्हटलं, "गयाबाई, डोळे दाखवू या."

"दिसतंय मला. जरा धुरकट हाय, पर दिसतंय."

"ऑपरेशन साधं असतं आता."

"त्ये नका सांगू, बाई." ती नळाच्या कट्ट्यावर बसली. "डोळे गेले म्हनलं की पोरगा म्हनंल, लई झालं, आता घरी बस. त्यो वाटच बघून राहिलाय. घरी काय करू मी? सून टीव्ही लावून देते, मला त्यात निसता आवाज येतोय. हितं मला बाजू हाय. मला ह्या बाजूवरनं उठवू नका."

एवढ्या तोंडाळ बाईला मी पहिल्यांदाच हात जोडताना बघितलं. मी म्हटलं, "बाजू कुठं जात नाही. तुम्ही येईपर्यंत तिथं कोणी बसणार नाही. हा माझा शब्द." वाकड्या चौकोनाचं नाव दोघींनीही काढलं नाही.

मुलाला मीच जाऊन समजावलं. ऑपरेशन झालं, आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. तोवर आम्ही तिघींनी तीन बाजू शिवल्या आणि चौथी मोकळी ठेवली. मॅडम फोनवर फोन करत होत्या आणि शेडमध्ये तीन बाजूंच्या गोधड्यांची चळत लागत होती. दुसरं कोणी बसवा की, असं त्यांनी एकदा सुचवलं. मी त्यांना आमची परंपरा सांगितली. परंपरा म्हटलं की त्या गप्प बसतात, हे आता मलाही कळलं होतं.

गयाबाई परत आली ती काळा चष्मा लावून, अगदी ऐटीत. काही दिवसांनी चष्मा गेला. त्या दिवशी भिंतीला तिच्या ऑपरेशनाआधीची एक तयार गोधडी टांगलेली होती, लातूरला जायची राहिलेली. ती तिच्याजवळ गेली, कापडावरून हात फिरवला, आणि खालच्या डाव्या कोपऱ्याशी थांबली.

"ह्ये कोनी लावलं?"

नसरीन म्हणाली, "तुम्हीच, आजी."

गयाबाई चौकोनाला नाक लावून बघत राहिली. टाके मोठे, लहान, एकमेकांवर चढलेले. आयुष्यभर ज्याला नावं ठेवली, तसला टाका.

"तुमाला समद्यांला दिसत व्हतं?"

"हाव," नसरीन म्हणाली.

"मंग येकीनं बी सांगितलं न्हाई?"

मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटलं असतं, गयाबाई."

"आता काय चांगलं वाटून राहिलं का?"

ती आपल्या बाजूला जाऊन बसली आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. कोणाच्या टाक्याला नावंही ठेवली नाहीत, हेच आम्हाला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून तिचे टाके परत ज्वारीचे दाणे झाले आणि आमची पंचाईत झाली. मॅडमना वाकडा चौकोन हवा. गयाबाईनं इमानानं प्रयत्न केला. चौकोन तिरका धरायची, पण शिवता शिवता हात आपोआप सरळ करायचा. शोभाच्या सांगण्यावरून तिनं डोळे मिटून शिवून पाहिलं. डोळे मिटले तर जास्तच सरळ! हाताला सगळं येत होतं. इतके दिवस डोळेच त्याला चुकीचं सांगत होते. मग शोभानं मोजून मापून वाकडा चौकोन लावला. मॅडमनी फोटो बघून कळवलं, "यात तो भाव नाही, मावशी. हे मुद्दाम केल्यासारखं वाटतं."

शेवटी मॅडम लातूरहून आल्या. गयाबाई उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरी, ती पद्धत-बिद्धत काई न्हाई. मला दिसत न्हवतं. मोतीबिंदू व्हता. मी खोटं सांगितलं."

मॅडम पुढं झाल्या. मग त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "आजी," त्या म्हणाल्या, "केवढा हा साधेपणा! श्रेयसुद्धा घ्यायला नको." आणि त्यांनी त्याचाही व्हिडिओ काढला. चिठ्ठ्या अजूनही तशाच छापून येतात.

एवढं झालं तरी मॅडमचं काम सुटलं नाही. शोभाचा बिनभावाचा वाकडा चौकोन त्यांनी नाइलाजानं चालवून घेतला. पुढं हिशेब, फोन, गड्ड्या उतरवणं हे सगळं मी शोभाच्या हाती दिलं आणि निवृत्त झाले. निवृत्त म्हणजे काय, तर बोलणी खायचं काम गेलं; माझ्या बाजूला बसून शिवते अजून.

मागच्या महिन्यात मॅडमचा निरोप आला. शोभानं वाचून दाखवला. 'या वेळचा वाकडा तुकडा अप्रतिम! अगदी जुन्या गोधड्यांसारखा. पण एकच लावा. कोणी लावला?'

"कोणी लावला गं?" मी विचारलं.

शोभा पंख्याकडं बघायला लागली. नसरीन ओवलेल्या सुईत परत दोरा ओवायला लागली. मला वाटलं, आपल्यालाच बहुतेक उत्तर ऐकू आलं नसेल, म्हणून मी परत विचारलं.

गयाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. गोधडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि शिवायला घेतलेल्या चौकोनावर तिनं बोट ठेवलं.

"बाई, ह्ये तुमचं हाय. ह्ये बी, अन् पल्याडचं बी. वाकडं लागून राहिलंय लई दिवसांपासनं."

मी हसले. म्हटलं, "नजर लागू नये म्हणून असेल."

"नजर-बिजर काई न्हाई. ती पद्धत मीच काढलेली, मला सांगू नका." आवाज कडक होता, पण ती माझ्या शेजारी खाली बसली, अगदी खांद्याला खांदा लावून. "उसवा ते. अन् उद्या डोळे दाखवा. मी येते संगं."

"आणि मॅडमना हवा तो?"

"मॅडमला काय, ती कशावर बी खूश हाय." मग हळू म्हणाली, "बाजूचा घोर करू नका. तुमी येईस्तोवर हितं कोनी बसनार न्हाई. मी हाय."

मी सुई घेतली. कापडावर वाकले. चौकोन दिसत होता, पण टाका कुठं आहे ते काही केल्या दिसेना. गयाबाईनं माझं बोट धरलं आणि त्याच्यावर नेऊन ठेवलं.